पहिला ऑनलाइन वर्ग: समोर विद्यार्थ्याचा कागद नसतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त कलाशिक्षकांनी बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या बॅचेस घेतल्या, आणि आता त्यांना जलरंगाचा पहिला ऑनलाइन वर्ग रेकॉर्ड करायचाय. कॅमेरा कुठला घ्यावा, खर्च किती येईल, झूमवर लाइव्ह घ्यावा की रेकॉर्ड करून विकावा, आणि कॅमेरा सुरू झाला की शब्दच फुटत नाही, त्याचं काय करावं, असं त्यांनी विचारलंय.

सर, कॅमेरा घेऊ नका. खिशातला फोन पुरे आहे. गेल्या तीन-चार वर्षांतला मधल्या किमतीचा कुठलाही फोन कागदावरचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, नीट टिपतो. खर्च करायचाच तर आधी माइकवर, मग दिव्यांवर, मग स्टँडवर करा. चित्र थोडं मऊ दिसलं तर लोक चालवून घेतात, आवाज खराब असला की दोन मिनिटांत उठून जातात.

पण सामानाच्या आधी एक गोष्ट, कारण माझा पहिला वर्ग तिथेच फसला होता. आपण वर्गात काय करतो ते आठवा. फळ्याला कागद लावून एक वॉश मारून दाखवतो आणि उरलेला तास बाकांमधून फिरतो. "अगं, पाणी जास्त झालं, ब्रश फडक्याला टेक." "थांब, सुकू दे आधी." "तिथे परत हात लावू नकोस, मातेरं होईल." आपलं शिकवणं म्हणजे खरं तर ते फिरणं. फळ्यावरचा वॉश हा निमित्ताचा. रेकॉर्ड केलेल्या वर्गात नेमकं हे फिरणंच जातं आणि उरतो तो फळ्यावरचा वॉश. समोरचा काय करतोय ते आपल्याला दिसत नाही आणि त्यालाही स्वतःचं काय चुकलं ते कळत नाही.

म्हणून स्क्रिप्ट लिहायला बसू नका. एक वही घ्या आणि बाकांमधून फिरताना बावीस वर्षांत जी वाक्यं सगळ्यात जास्त वेळा तोंडातून गेली, ती लिहून काढा. पंधरा-वीसच निघतील. तीच तुमची स्क्रिप्ट. चित्रात ज्या ठिकाणी पोरं हमखास घसरतात त्या ठिकाणी ते वाक्य, चूक होण्याच्या अर्धा मिनिट आधी, आलं पाहिजे. मी ही यादी दुसऱ्या वर्गाच्या वेळी केली, पहिल्या वेळी करायला हवी होती.

पहिला वर्ग मी २०२० च्या लॉकडाउनमधे केला. अठ्ठेचाळीस मिनिटांचा एकच सलग व्हिडिओ. त्यात मी आकाशाचा वॉश मारल्यावर मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं होतं, "आता दोन मिनिटं थांबा." मे महिन्यात सोलापुरातून बघणाऱ्या एका मुलीचा कागद दोन मिनिटांत पापडासारखा कोरडा झाला. तोच व्हिडिओ जुलैत रत्नागिरीहून एका काकांनी बघितला, त्यांचा कागद दहा मिनिटांनीही ओलाच, आणि त्यावर त्यांनी डोंगर रंगवला. आकाशात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटले. दोघांनीही माझं तंतोतंत ऐकलं होतं. चूक माझी होती, कारण मी त्यांना घड्याळ दिलं आणि घड्याळ जलरंगात कुठेच लागू पडत नाही.

आता मी वेळ सांगतच नाही, खूण सांगते. कागद तिरका धरून बघा. आरशासारखी चमक आहे, तर अजून खेळता येईल. चमक जाऊन मॅट दिसतोय पण बोटांची मागची बाजू टेकवली तर गार लागतोय, तर हात बांधून बसा, हीच सगळ्यात धोक्याची वेळ. गार लागायचं थांबलं की दुसरा थर. ही खूण सोलापुरातही चालते आणि रत्नागिरीतही. तुमच्या वहीतल्या प्रत्येक वाक्याला अशी, त्याची त्याला तपासता येईल अशी खूण शोधा. "थोडं पाणी घ्या" हे वाक्य कॅमेऱ्यासमोर निरुपयोगी आहे. पातळ ताकाइतकं, दुधाइतकं, सायीइतकं, असं सांगितलं की घरोघरी कळतं. शिवाय पॅलेट तिरकं करून तो रंग किती वेगाने ओघळतो ते जवळून दाखवा.

विषय एकच चित्र ठेवा. "जलरंगाची ओळख" असा वर्ग पहिल्यांदा कोणी करू नये, त्याला शेवट नसतो. मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावातला संध्यामठ घेतला होता. आकाशाचा उतरता (गडदाकडून फिक्याकडे जाणारा) वॉश, मागे झाडीची एक ओळ, पाण्यात उभा दगडी मठ आणि त्याचं प्रतिबिंब. चार गोष्टींत ओल्यावर ओलं, कोरड्यावर ओलं, ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचे फटकारे) आणि कागदाचा पांढरा राखणं, सगळं येऊन जातं. रंग तीनच: अल्ट्रामरीन ब्ल्यू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. पहिल्या दोघांच्या मिश्रणातून दगडाचा करडा इतका सुंदर निघतो की काळी ट्यूब उघडायची गरजच पडत नाही. तुमच्याकडे कृष्णेचा घाट आहे, एखादं जुनं देऊळ असेल. स्वतः जाऊन फोटो काढा आणि तो विद्यार्थ्यांना द्या.

फोटो स्वतःचाच असावा हे मी मुद्दाम सांगतेय. गूगलवरून उचललेल्या फोटोवर वर्ग विकू नये, आणि जुन्या चित्रकारांच्या कॉपीवरही सांभाळून. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, समईच्या उजेडातल्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र अनेकजण राजा रविवर्म्याचं समजून बिनधास्त वापरतात. रविवर्मा १९०६ मधे गेले, त्यांचं काम खुलं आहे. पण ते चित्र आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, आणि ते गेले १९६८ मधे. हिशेब तुम्हीच करा. (आणि ते जलरंग आहे हे वर्गात सांगितलं की पोरांचा आ वासतो, तो भाग वेगळा.)

कागदाबाबत मी आणखी एक माती खाल्ली. शंभर टक्के कॉटनचा महागडा कागद वापरला, वॉश मखमलीसारखा उतरला, आणि बघणाऱ्यांकडे होती शाळेची चित्रकला वही. त्यांचा कागद फुगला, वाटीसारखा वळला. विद्यार्थी जो कागद घेणार, त्याच्यावरच दाखवा. ३०० जीएसएमचा (जाडीचं माप) साधा कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत कागद, १५ बाय ११ इंची, चारी बाजूंनी मास्किंग टेप. सामानाची यादी वर्गाच्या पहिल्या मिनिटात नको, नाव नोंदवल्याबरोबर पाठवा. तालुक्याच्या गावात दुकानात कागद यायला आठवडा लागतो.

शूटिंगच्या आधी तेच चित्र तीनदा रंगवा. सुधारण्यासाठी नाही, कुठे वेळ जातो ते कळण्यासाठी. आणि शूटिंगच्या दिवशी चार कागद तयार ठेवा: एक कोरा, एक आकाश सुकलेला, एक झाडी झालेला, एक मठ झालेला. पाककृतीच्या कार्यक्रमात "हे मी आधीच करून ठेवलंय" म्हणतात तसं. नाहीतर कॅमेरा लावून कागद सुकायची वाट बघत बसाल, तोवर उजेड बदलेल, पाहुणे येतील, लाइट जाईल.

आता फोन कुठे लावायचा. पहिला उपाय सगळेच करतात, मीही केला: स्टीलच्या डब्यांच्या दोन चळती, वर आडवी लाकडी फुटपट्टी, त्यावर फोन. तिसऱ्या मिनिटाला तो रंगाच्या पाण्यात पडला. हजार-दीड हजारात आडव्या दांडीचा स्टँड मिळतो तो घ्या, त्याच्या मागच्या टोकाला तांदळाची एक किलोची पिशवी बांधा म्हणजे पुढे कलंडणार नाही, आणि स्टँड टेबलावर नाही, जमिनीवर उभा करा. टेबलाला क्लॅम्प लावला की खोडरबर चालवताना सगळं चित्र भूकंप झाल्यासारखं हलतं.

फोन बरोबर डोक्यावर आला की दुसरी गंमत होते. तुम्ही बारीक काम करायला वाकता आणि कॅमेऱ्यात फक्त तुमचं टाळकं दिसतं. म्हणून मी फोन टेबलाच्या पलीकडच्या बाजूने, माझ्या समोरून आत झुकवते आणि एडिटिंगमधे व्हिडिओ पूर्ण उलटा फिरवते. बघणाऱ्याला तो माझ्याच जागेवर बसल्यासारखा दिसतो. वॉश उतरायला आपण पॅड तिरकं ठेवतो, तेव्हा फोनही तेवढाच तिरका करा, नाहीतर चौकोनी कागद पाटीवरच्या समलंबासारखा दिसेल. रुंद दाखवणारी वाइड लेन्स वापरू नका, कडा वाकतात. मुख्य कॅमेरा, कागदापासून दोन-अडीच फूट. आणि फोन आडवा झोपवला की कधीकधी उभा-आडव्याचा गोंधळ घालतो, म्हणून आधी हातात आडवा धरून रेकॉर्डिंग सुरू करा, मग स्टँडवर बसवा. या एका गोष्टीने माझी एक अख्खी सकाळ वाया घालवली आहे.

कागद पांढरा असतो आणि फोनला पांढरं सहन होत नाही. तो लगेच उजेड कमी करून कागद राखाडी करतो. हात मधे आला की पुन्हा उजळतो. बघणाऱ्याला वाटतं रंग सुकताना बदलला. कागदावर बोट दाबून ठेवलं की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग कागद पांढरा दिसेपर्यंत बोट किंचित वर सरकवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याची छटा, लॉक करायला ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, तुमच्या फोनवर चालत असेल तर तेच वापरा. त्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर सेकंदाचा एक-पन्नासांश ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, आणि सेटिंग जुळलं नाही की कागदावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात.

खिडकीचा उजेड सुंदर असतो पण भरवशाचा नाही. साडेसातला सुरू केलं तर नऊपर्यंत त्याचा रंग बदलतो, एक ढग आला की पुन्हा वेगळा. दोन कागद वेगवेगळ्या दिवशी रंगवल्यासारखे दिसतात. मी आता खिडकीला जाड पडदा लावते आणि दोन एलईडी दिवे वापरते. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त आणि ५५०० के (केल्विन, म्हणजे उजेडाची छटा) च्या आसपास लिहिलेलं बघून घ्या. सीआरआय कमी असला की बर्न्ट सिएना चिखलासारखा दिसतो. उजव्या हाताने रंगवत असाल तर मोठा दिवा डावीकडून, म्हणजे हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडत नाही. दुसरा समोरून, त्यावर बटर पेपर. शर्ट साधा, गडद. मी एकदा पोपटी कुर्ता घालून बसले आणि माझं आकाश हिरवं झालं, कागदावर कुर्त्याचा रंग परावर्तित होत होता.

ओल्या कागदाची चमक मात्र सगळीच मारू नका. वरच्या शॉटमधे ती त्रास देते म्हणून आपण दिवे बाजूला घेतो, पण "चमक गेली की नाही ते बघा" असं शिकवायचं तर चमक दिसायला हवी. त्यासाठी वेगळा, टेबलाच्या उंचीवरून, पडदा सरकवून, खिडकीकडे तोंड करून दहा-पंधरा सेकंदांचा शॉट घ्या. पाणी आहे, चमकतंय, आणि मग कडेकडून मॅट होत आत सरकतंय. माझ्या सगळ्या वर्गांतला सगळ्यात जास्त वेळा मागे घेऊन बघितला जाणारा तुकडा हाच आहे. विद्यार्थी तसं स्वतः सांगतात.

आवाज. कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या, तारेचा चालेल. पंखा बंद. उन्हाळ्यात म्हणूनच पहाटे सहाला बसा, त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवालाही नसतो. खोलीत नुसत्या फरश्या असतील तर आवाज घुमतो, समोरच्या भिंतीवर दोन वाकळा टांगा. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमधे सगळ्यात मोठा आवाज माझ्या बांगड्यांचा होता. तुम्हाला ती अडचण नाही, पण मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. फोन विमान मोडवर, नाहीतर वॉशच्या ऐन मध्यावर कर्जाचा फोन येतो.

तोंड उघडत नाही याची काळजी सोडा, चेहरा दाखवायचाच कशाला? सुरुवातीला अर्धा मिनिट "मी अमुक, आज आपण हे करणार" इतकं पुरे, तेही जमेना तर फक्त तयार चित्र दाखवा. बाकी सगळा वेळ हात आणि कागद. टेबलाच्या पलीकडे एखाद्या पोराला बसवा, जुना विद्यार्थी असेल तर उत्तम, आणि त्याच्याशी बोला. तुमचा वर्गातला आवाज आपोआप परत येईल. बोलताना जे दिसतंय ते सांगू नका. "आता मी ब्रश बुडवतोय" हे त्याला दिसतंच आहे. न दिसणारं सांगा: दाब किती, ब्रशच्या पोटात पाणी किती, इथेच का थांबलात, पुढे कुठे भीती आहे. उतरता वॉश मारताना तर बोलूच नका, बोलताना हात अडखळतो. गप्प राहून मारा, नंतर व्हिडिओ बघत आवाज भरा.

तुकडे छोटे करा. माझा संध्यामठ आता सात भागांत आहे, चार मिनिटांपासून नऊ मिनिटांपर्यंत, जिथे विद्यार्थ्याला थांबून सुकवायचं असतं तिथेच भाग संपतो. फोनमधे जागा आधीच करून ठेवा. आयफोनच्या नव्या फॉरमॅटमधे १०८०पी ला मिनिटाला साधारण ६० एमबी लागतात, ४के ला १७० च्या आसपास. मी ४के घेते, कारण मग एडिटिंगमधे एखाद्या कोपऱ्यावर झूम केलं तरी चित्र फाटत नाही.

एडिटिंग फोनवर व्हीएन सारख्या ॲपमधे होतं, चांगला कॉम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरून उरते. नियम एकच पाळा: वाट बघणं कापा, वॉश कधीही फास्ट करू नका. हात किती वेगाने चालतो हेच तर शिकायचं असतं. आणि चुका कापू नका. मठाच्या पायरीवर माझ्या ब्रशमधून एक थेंब पडला होता. तो टिपकागदाने कसा उचलला, उचलूनही राहिलेला डाग नंतर पाण्याच्या रेषेत कसा लपवला, हे सगळं मी ठेवलं. बाकांमधून फिरताना आपण दुसऱ्याच्या कागदावर जे करतो ते इथे स्वतःच्या कागदावर करून दाखवायचं.

प्रकाशित करण्याआधी एक परीक्षा घ्या. मी माझ्या वहिनीला बसवलं, तिने शाळा सुटल्यापासून ब्रश धरला नव्हता. तिच्यासमोर फोन, कागद, तीन रंग. मी मागे, हात पाठीशी, तोंड बंद. विश्वास ठेवा, इतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नसेल. तिने सहा ठिकाणी व्हिडिओ मागे घेतला. चौथ्या ठिकाणी तिने कागद तिरका धरला, चमक बघितली, बोटांची मागची बाजू टेकवली, आणि स्वतःशीच म्हणाली, "नको, गार लागतंय अजून." मग पदराने चेहऱ्याला वारा घेत बसून राहिली. त्या सहा जागांपैकी पाच मी पुन्हा शूट केल्या. ही एक राहू दिली.

लाइव्ह की रेकॉर्ड, याचं माझं उत्तर: रेकॉर्ड करा, आणि आठवड्यातून एकदा लाइव्ह बसा, पण शिकवायला नाही, कागद बघायला. लोकांनी आपापली चित्रं आधी फोटो काढून पाठवायची, तुम्ही त्यावर बोलायचं. झूमच्या फुकट खात्यात मीटिंग ४० मिनिटांत बंद पडते, सुरुवातीला तेवढी बास आहे. पूर्ण वर्ग लाइव्ह घेतला तर गावाकडच्या नेटवर वॉशच्या जागी चौकटी दिसतात आणि सगळ्यांचा कागद एकाच वेळी सुकावा अशी अपेक्षा करावी लागते. व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारा) ठेवून लिंक दिली तरी पहिल्या बॅचला चालतं. पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकायचा तर फोन नंबर देऊन खातं पडताळून घ्यावं लागतं. लिंक पुढे पाठवली जाते, हे धरून चाला. फी पहिल्यांदा कमी ठेवा आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांपासून सुरुवात करा. मी पहिल्या बॅचला ३०० रुपये घेतले होते, अकरा जण आले, त्यातले सात जण चित्र पूर्ण करून दाखवणारे निघाले.

शूटिंग संपल्यावर सामान आवरायच्या आधी शेवटची क्लिप हेडफोन लावून पूर्ण ऐका. माइकची पिन अर्धी बाहेर आलेली असते आणि ते आपल्याला रात्री एडिटिंगला बसल्यावर कळतं. आवाज नीट आहे याची खात्री झाली की मगच कॅमेरा पुन्हा सुरू करा आणि कागदाची टेप काढा, सावकाश, चित्रापासून बाहेरच्या बाजूला ओढत. ती पांढरी कड उघडी पडताना बघायला लोक शेवटपर्यंत थांबतात, आणि त्याचा रिटेक होत नाही.